आम्ही तिघं, हजार किलोच्या आत

ह्यांना जाऊन सहा महिने झाले. लिहायला बसते ते त्यांच्या आजारपणाबद्दल, आणि कागदावर दरवेळी कॅराव्हॅनच येते. आज तिला येऊ देते.

साठच्या दशकात आम्ही आखातात, मिरकाबला राहत होतो. थंडी ओसरू लागली की तिथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहत. ह्यांना तंबू नको होता; मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, नवीकोरी कॅराव्हॅन हवी होती. थोरल्या नणंदबाई, आमच्या आपा, ठाम विरोधात. ते धूड मोटारीला उलटं पाडेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं, की दुकानदाराकडून सकाळपुरती मागून आणायची, सामान भरायचं आणि काट्यावर मापात बसली तरच घ्यायची. नाहीतर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

दारावरच्या पट्टीवर लिहिलं होतं: रिकामी साडेसातशे किलो, भरून जास्तीत जास्त हजार. म्हणजे हाताशी अडीचशे. त्यातून ह्यांनी आम्हा तिघांचे एकशे सत्तर वजा केले. उरलेल्या ऐंशीत तांदूळ, नारळ, सुके बोंबील, भांडी, गाद्या, माझी पुस्तकं आणि आपांचा पाटा-वरवंटा. एकेक वस्तू ताणकाट्याला टांगून झाली. मी एक जाड कादंबरी काढून दोन बारीक ठेवल्या.

सुलैबियाच्या वाटेवर खडीच्या ट्रकांचा वजनकाटा होता. मोटार सोडवून बाजूला लावली आणि आम्ही तिघं कॅराव्हॅनमध्ये जाऊन गंभीरपणे बसलो. मी श्वास रोखून धरला होता, तेवढंच हलकं. काटा अकराशे ऐंशीवर थांबला.

ह्यांचा चेहरा उतरला. काट्यावरच्या मलबारी माणसाने आत डोकावून समजावलं, की पट्टीवरचं वजन कारखान्यातून निघतानाचं. भरलेली पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, सावलीचं कापड ह्यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. मग त्याने आम्हा तिघांकडे नीट पाहिलं.

"साहब, सब अंदर बैठोगे, तो मोटर कौन चलाएगा?"

मागे खोळंबलेले ट्रकवाले हसत सुटले. आम्ही खाली उतरलो. मला हसून उभंही राहवेना. आता काटा एक हजार दहावर. दहा किलो जास्त. पाणी ओतून द्यावं, तर वाळवंटात जायचं कशाला? ह्यांनी माझ्या पुस्तकांकडे पाहिलं, मग पाट्याकडे, आणि मोटार जोडायला निघाले. कॅराव्हॅन परत करायला.

आपा आत चढल्या आणि पाटा-वरवंटा उराशी धरून उतरल्या.

"हा मी मांडीवर घेते. तुझ्या मोटारीला कुठे पट्टी आहे?"

काटा नऊशे नव्वद. ह्यांनी तिथेच, मोटारीच्या बॉनेटवर, दुकानदाराने दिलेल्या खरेदीच्या कागदावर सही केली. हसता हसता ती इतकी वेडीवाकडी झाली, की सही त्यांची वाटेना. आपा पुढच्या सीटवर पाटा घेऊन बसल्या होत्या, आणि चला म्हणत होत्या.