गॅरेजमागची टाकी

पालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी चौदा वर्षं लिहिलं. सभेत बोललेल्यातलं काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे त्या कामात हळूहळू अंगवळणी पडतं. फिटरमामांचं बोलणं मी गाळलं. ते आता सांगतो.

फिटरमामा म्हणजे पालिकेच्या गॅरेजातले जुने फिटर. कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, साहेबांच्या जीपा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. माणूस बुटका, मनगटं रुंद. वर्षाला दोन वाक्यं बोलतात आणि त्यातलं एक 'पान्हा कुठंय' असतं, असं गॅरेजवाले म्हणायचे. त्यांना मामा म्हणायला कोणी सुरुवात केली, कोणास ठाऊक. त्यांच्या घरात मात्र तो शब्द निघत नसे. त्यांच्या मुलींचा सख्खा मामा गॅरेजमागच्या टाकीत गेला होता.

ती जमिनीखालची पेट्रोलची टाकी. वर फक्त एक गोल लोखंडी झाकण दिसायचं. गाड्या बाहेरच्या पंपावर भरायला लागल्यापासून नऊ वर्षं ती पडून होती. शेजारच्या मोकळ्या जागेत शाळा बांधायचं घाटत होतं, तेव्हा कुणाला तरी तिची आठवण झाली आणि 'वापरात नसलेल्या इंधन टाकीबाबत निर्णय घेणे' असा विषय सभेपुढे आला.

अभियंत्याने तीन मार्ग मांडले. एक तर टाकी उकरून काढायची. पण त्यात गॅरेजची मागची भिंत गेली असती. दुसरं, वरूनच पाइपने वाळू-सिमेंट ओतून ती जागच्या जागी बुजवायची. नाहीतर साफ करून पाणी साठवायला घ्यायची. हे तिसरं एका नगरसेवकांना फार पटलं. त्यांच्या वॉर्डात बाग होणार होती आणि बागेला पाणी नव्हतं.

"वीस हजार लिटरची टाकी आयती मिळतेय," ते म्हणाले. "दोन माणसं उतरवा, गाळ काढा, धुऊन घ्या. अर्ध्या दिवसाचं काम."

बऱ्याच माना डोलल्या. त्या टाकीत पूर्वी एक माणूस गेलाय, असं अभियंत्याने हळूच सांगितलं. म्हणून पुढच्या सभेला जुना चौकशी अहवाल मागवला आणि फिटरमामांनाही बोलावलं.

एकोणीस वर्षांपूर्वीची हकिकत त्या अहवालात होती. टाकी साफ करायची होती. दुपारी पेट्रोलचा टँकर येणार, त्याआधी उरका, असा सुपरवायझरचा तगादा. झाकण जेमतेम अर्धा तास उघडं ठेवलेलं. मामांचा मेहुणा तेव्हा गॅरेजातच होता, मामांनीच कामाला लावलेला. तो नाकाला ओलं फडकं बांधून खाली उतरला आणि मामा वरून दोरीने गाळाच्या बादल्या ओढायला लागले. तिसरी बादली अर्धीच भरून आली. चौथी रिकामी आली आणि हाकेला ओ आली नाही. 'फिटर त्यास वाचविण्यासाठी तळापर्यंत उतरला, त्यास हलविण्याचा प्रयत्न केला, परंतु जीव गुदमरू लागल्याने वर आला,' असं पुढे लिहिलं होतं. अग्निशामक दलाला यायला पाऊण तास लागला.

नगरसेवकांनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. "ऐकलंत? हा माणूस तळापर्यंत गेला, वर आला आणि आज आपल्यासमोर धडधाकट उभा आहे. तेव्हा तर टाकी वापरात होती. आता नऊ वर्षं कोरडी पडलीय. मग भ्यायचं कशाला?"

अध्यक्षबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"ते खोटं आहे," मामा म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"मी तळापर्यंत गेलो नाही. दोन पायऱ्या उतरलो. डोकं गरगरलं, पायातलं बळ गेलं, तसा वर आलो. परत उतरलो नाही." ते थांबले. आम्हाला वाटलं, संपलं. "तिथून तो दिसत होता. खाली बसला होता. एका हाताने शिडी धरली होती. बोटं हलत होती. शिडीला अकरा पायऱ्या आहेत, साहेब. मी आणखी दोन उतरलो असतो तर दोघंही तिथंच राहिलो असतो. आणि बंद टाकी कोरडी असली तरी आत गंज चढतो, हवा उरत नाही. वास येत नाही, काही नाही. माणूस जरा बसतो आणि बसलेलाच राहतो."

"मग जबाबात तसं का सांगितलंत?" नगरसेवकांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"बायकोचा भाऊ होता," मामा म्हणाले.

टाकी वरून बुजवायचं ठरलं. कोणीही आत उतरणार नाही, ही अट अध्यक्षबाईंनी ठरावात घातली. सभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "ते पायऱ्यांचं लिहू नका. खोटा जबाब म्हणून कुणी उकरून काढलं तर म्हातारपणी त्या माणसाचे हाल होतील." मी लिहिलं, 'गॅरेजमधील फिटर यांनी तांत्रिक माहिती दिली.'

मामांनी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. बाहेरून कानावर येण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं त्यांना वाटलं. मामी भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी निवडून संपवली.

"आई शेवटी शेवटी रोज विचारायची," मग त्या म्हणाल्या. "मी रोज सांगायचे, हे खालपर्यंत गेले होते, त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. तुम्ही पलीकडच्या खोलीत असायचात."

"हो."

"ऐकू यायचं?"

"यायचं."

त्या रात्रीपासून मामींनी आपलं अंथरूण मुलींच्या रिकाम्या खोलीत घातलं. बोलणं चालू होतं, कामापुरतं.

टाकी बुजवली त्या दिवशी मामा सकाळपासून झाकणाजवळून हलले नाहीत. पाइप अडकला म्हणून एक मजूर टाकीच्या तोंडातून आत वाकला, तर मामांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. तो चिडला. मामांनी त्याला चहा पाजला, पण झाकणापाशी परत येऊ दिलं नाही.

पुढे महिन्याभराने मामी माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना त्या सभेचा कागद हवा होता. मी नक्कल दिली. त्यांनी उभ्या उभ्याच वाचली.

"ह्यात तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "खरंच बोलले का ते?"

"बोलले, मामी. सगळ्यांसमोर बोलले. मी समोरच होतो." मला मामांची बाजू घ्यायची होती. "किती कठीण गेलं असेल त्यांना. त्याने शिडी धरली होती, बोटं हलत होती, हेसुद्धा लपवलं नाही."

मामींनी कागद टेबलावर ठेवला.

"मला म्हणाले, उतरलो तेव्हाच तो गेलेला होता," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी सारवासारव केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि गेल्या. त्याच आठवड्यात त्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेल्या. मुली आल्या की येतात, दोन दिवस राहतात, डबे भरून ठेवतात आणि जातात.

मामा निवृत्त झाले. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसतो. सभेत बोललो त्याचं वाईट वाटत नाही, असं ते म्हणतात. ते दोन पायऱ्यांचं तिला सहन झालं नाही, असा त्यांचा समज आहे. मी तो अजून दुरुस्त केलेला नाही.