भोसरीच्या भट्टीची वाट

ती रुजू झाली तेव्हा चाकणच्या कारखान्यात मला चौदा वर्षं झाली होती.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मुख्य कारखाना चाकणला, मशीन शॉप भोसरीला, गोदाम चिखलीत आणि डिझाइनचं ऑफिस ताथवड्यात. चारही ठिकाणांना जोडणारं नेटवर्क मी उभं केलं होतं, अगदी वायरी ओढण्यापासून. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. कुठल्या माहितीनं कुठल्या वाटेनं जायचं, हे ते राउटर आपसात बोलून ठरवतात, आणि त्या बोलण्याच्या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. आमचा प्रोटोकॉल एकाच कंपनीच्या राउटरना कळणारा होता. नवे राउटर दुसऱ्या कंपनीचे घ्यायचं ठरलं आणि सगळीकडची पद्धत बदलणं भाग पडलं.

मी योजना लिहून दिली: एका रविवारी सगळं बंद ठेवायचं, जुनं काढायचं, नवं बसवायचं. साहेबांनी कागद वाचला आणि तिच्याकडे सरकवला. तिचे वडील भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर राबलेले, ती ताथवड्याच्या कॉलेजात शिकलेली. दोन दिवसांनी तिनं सांगितलं, बंद ठेवायची गरजच नाही. जुनं चालू असतानाच शेजारी नवं चालू करायचं, पण तूर्त त्याचं कुणी ऐकायचं नाही. दोन्हीच्या वाटा जुळल्या की एकेका ठिकाणी नव्याला मान द्यायचा. बिघडलंच तर कुणाचं ऐकायचं हे ठरवणारा एक आकडा बदलून परत जुन्यावर यायचं.

हे मी वाचलं होतं. करायची छाती झाली नव्हती.

"मशीन थांबणार नाहीत म्हणतीये ती," साहेब मला म्हणाले. "तू तिला मदत कर."

तेव्हापासून माझं लक्ष कामावर कमी आणि तिच्यावर जास्त. साहेबांनी तिला किती वेळा बोलावलं हे मी मोजायचो. गेटवरचा वॉचमनसुद्धा नेट अडलं की मॅडम आल्यात का विचारायचा. घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी हुशार हाय म्हणा की. त्यात तुमचं काय गेलं?" मी ताटावरून उठलो.

आणि मग मला तिची चूक सापडली.

भोसरीत एक जुनी भट्टी आहे. तिच्या तापमानाची नोंद चाकणला येते. ती आल्याशिवाय तो माल बाहेर जात नाही. त्या भट्टीमागे एक छोटा राउटर मीच कधीकाळी बसवला होता, आणि नेटवर्कच्या नकाशावर दाखवायचा राहून गेला होता. भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटते. इतर दिवशी तिथला माणूस पॅनल बंद करून जातो, त्याबरोबर तो राउटरही बंद पडतो. तिनं वाटांची यादी काढली ती नेमकी बंद दिवशी. यादीत भट्टी नव्हती. यादी माझ्याकडे तपासायला आली. मी सही केली.

बदलाच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही चाकणला बसलो. पडद्यावर चारही ठिकाणांची उत्तरं ओळीनं येत होती. तिनं ताथवडे बदललं, मग चिखली, मग भोसरी, शेवटी चाकण. मी एका ओळीच्या चुकण्याची वाट बघत होतो. एकही चुकली नाही. खाली प्रेस चालूच होते, कुणाला पत्ताही लागला नाही. साहेबांनी पेढे मागवले. मी एक घेतला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

आता फक्त जुनं पुसायचं बाकी होतं. त्यासाठी तिनं आठ दिवस ठेवले होते. भट्टीची नोंद अजून जुन्याच पद्धतीनं येत होती; जुनं पुसलं की ती तुटणार, आणि सगळ्यांना कळणार. आठही दिवस मी तो प्रसंग मनात रंगवला: साहेबांचा चेहरा, तिचा चेहरा, आणि मग मला आलेली हाक. भट्टीवरच्या माणसाला माल अडल्याबद्दल बोलणी बसतील, हे मात्र सातव्या दिवशी सुचलं. तो माझ्या गावचा, माझ्याच शब्दावर तिथं लागलेला.

आठव्या दिवशी ती पुसायला बसली तेव्हा मी म्हणालो, "थांब. भोसरीच्या भट्टीचं राहिलंय."

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"यादीवर सही केली तेव्हापासून."

तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "चला, भोसरीला जाऊ." मोशीच्या गर्दीतही तिची स्कूटर माझ्या पुढंच होती. त्या छोट्या राउटरला नवी पद्धत येत नव्हती, म्हणून भट्टीची वाट भोसरीच्या मुख्य राउटरवर हातानं लिहिली आणि तिथून सगळ्यांना कळवली. अर्ध्या तासाचं काम. दुपारी जुनं पुसलं. त्या दिवशी भट्टी पेटलेली होती; तिची नोंद येत राहिली.

मीटिंगमध्ये तिनं सांगितलं की भट्टीचं सरांनी पकडलं, नाहीतर माल अडला असता. बाकी काही सांगितलं नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. उलट तिचा हेवा आणखी वाढला, कारण तिच्या जागी मी असतो तर सगळं सांगितलं असतं.

वर्षभरात ती मोठ्या कंपनीत गेली. नंतर चाकणलाच आमचं दुसरं शेड झालं, तेव्हा मी सगळं तिच्या पद्धतीनं केलं, काहीही बंद न ठेवता. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास. वाचून, म्हणालो. तिचं नाव ओठांवर आलं होतं, मी घेतलं नाही.