टाळ्या वाजवून घेतलेला जर्मन बिल्ला

ती घटना आठवली की आजही माझ्या सदऱ्याची वरची दोन बटणं तटकन तुटतात. पोलीस खात्यात असताना मी नुसतं खोकून दरोडेखोरांकडून गुन्हे कबूल करवून घेतले. पण सर्वात मोठी केस उकलली ती निवृत्तीनंतर, अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे राहायला आल्यावर.

फिर्यादी शेजारची मुलगी. जर्मनीतली नोकरी सोडून एकटीच इथे आलेली. फटाक्यांच्या आवाजाने तिचा डॅक्सहुंड पळाला. कुत्रा एवढा लांब, की तोंड कोपऱ्यावर वळलं तरी शेपूट घरातच. पोरीने जेवणखाण सोडलं होतं. "काका, माझं इथे दुसरं कोणी नाही हो."

मी रीतसर जबाब घेतला. ओळखीची खूण?

"गळ्यात हुंडेश्टॉयरचा बिल्ला."

"ही काय भानगड?"

"कुत्र्यावरचा कर, काका. तिकडे नगरपालिका दरवर्षी घेते. पूर्वी कुत्रा पाळणं ही चैन समजत, म्हणून लावला. शिवाय कुत्रीही फार वाढू नयेत. कर भरला की बिल्ला मिळतो."

"मग त्या पैशात कुत्र्यांना काय मिळतं?"

"काही नाही. सगळा तिजोरीत."

मला एकदम गावाकडे आल्यासारखं वाटलं.

खबर लागली मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे डबे एकत्र करून होणाऱ्या जेवणात. एक काकू म्हणाल्या, "मागच्या गल्लीतल्या साहेबांनी कुत्रा घेतलाय. जर्मनीत मेडल मिळालंय म्हणे त्याला!"

माझी जिलबी हवेतच थबकली.

इथल्या पोलिसाला गाठलं. "सर, नुसत्या संशयावर मी कुणाचा कुत्रा उचलू शकत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू फक्त शेजारी उभा राहा." साहेबांच्या दारात जाऊन चौकशीही मुद्दाम इंग्रजीत केली, पोलिसाला कळावी म्हणून.

"वा साहेब, काय रुबाब कुत्र्याचा! गळ्यात हे काय?"

"मेडल! डॉग शोमध्ये पहिला आलाय. मी स्वतः जर्मनीहून आणला."

"म्हणजे तुमच्या देखत मिळालं?"

"अहो, उभं राहून टाळ्या वाजवल्या मी!"

"साहेब, हा कर भरल्याचा बिल्ला आहे. टॅक्ससाठी टाळ्या वाजवणारे जगात तुम्ही पहिलेच."

साहेबांचा चेहरा उतरला. पोलिसाने हसू दाबलं आणि म्हणाला, "चला, आता कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची चिप तपासू." जनावरांच्या डॉक्टरच्या यंत्रावर चिपचा नंबर आला, आणि नोंदीत त्यापुढे मालक म्हणून पोरीचंच नाव निघालं. ती दारात दिसताच कुत्रा झेपावला. तोंड तिच्या कुशीत पोचलं, तेव्हा शेपूट अजून टेबलावरच हलत होतं!

त्या संध्याकाळी पोरगी आमच्याकडे पोटभर जेवली.

मी मात्र एक धडा घेतला. चोर माल लपवतो, फुशारकी त्याला लपवता येत नाही. दरडावण्याआधी त्याचं मनापासून कौतुक करावं. हे नोकरीत असताना उमगलं असतं, तर केवढा खोकला वाचला असता!