जकातीच्या पहाऱ्यातली कट्यार

माझा मामा परशुराम हा आमच्या बेटावरच्या शमें ग्रेनिएत गावातला शिंपी. अंगानं किडकिडीत, पण जीभ अशी की समोरच्यानं घाम पुसावा. कुणी पाटलोणीसाठी हलकं कापड आणलं की तोंडावर सांगायचा, "हे गोणीला लाव, माणसाला न्हाय." तरीही लोक त्याच्याचकडे यायचे. मामानं कापलेलं कापड कधी वाया गेलं नाही.

या माणसाला एकच वेड होतं, आणि ते म्हणजे हातानं घडवलेल्या सुऱ्या. शिलाईच्या मशीनच्या वर भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात मादागास्करची, शिंगाच्या मुठीची एक होती, कुणा येमेनी खलाशाची वाकडी एक होती, आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातली, लाकडी मुठीची, अगदी साधी पण हातात घेतली की सोडवत नाही अशी एक. पोर लुई बंदराच्या धक्क्यावर खलाशी उतरत, मामा त्यांच्या पाटलोणी दुरुस्त करून देई आणि बदल्यात सुरी मागून घेई. कारखान्यात झालेली सुरी फुकट दिली तरी घेत नसे. इंद्राणी मामी कपाळाला हात लावून म्हणायची, "घरात कांदा चिराया सुरी न्हाय आणि ह्यांचं कपाट बगा!"

खलाशांच्या खिशातून आलेल्या या सुऱ्यांना कस्टमनं कधी अडवलं नव्हतं. मामानं परदेशातून पेटीत घालून, बोटीनं, रीतसर मागवली ती आयुष्यात एकच वस्तू, आणि तिच्या पायी आम्ही सगळेच बंदराच्या वाऱ्या करू लागलो.

झालं असं. भारतातून एक गुरुजी आमच्या पोरांना मराठी शिकवायला आले होते. त्यांच्या टेबलावर कागद कापायची एक छोटी सुरी असायची. तिच्या पात्यावर बारीक लाटा दिसत. कोरलेल्या नव्हेत, लोखंडाच्या अंगातूनच उमटलेल्या. कऱ्हाडजवळच्या धोंडिबा लोहारानं दोन जातींचं पोलाद एकमेकांत घालून, दुमडून, पुन्हा पुन्हा ठोकून ती घडवली होती. मामानं ती पाहिली आणि जेवण विसरला. त्याचा मुलगा प्रेम याचं लग्न ठरत आलं होतं. आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू टोचतात, आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवू देत नाहीत. आमच्या गावात मात्र कट्यार होती कुणाकडे? स्वयंपाकघरातली सुरी घेऊनच सगळे नवरदेव उभे राहिले होते. मामानं गुरुजींकरवी धोंडिबाला कट्यार सांगितली आणि गावभर बजावलं की प्रेमच्या हातात वाडवडिलांच्या मुलखातली कट्यार येणार, पाण्यासारख्या लाटांची.

कट्यार आली सहासष्ट साली. आदल्या वर्षी बेटावर दंगल झाली होती, आणि टोकदार वस्तू दिसली की सरकार बिथरायचं. तिला लाद्वाननं, म्हणजे आमच्या कस्टमनं, धरून ठेवलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. इंग्रजी बोलायला हवं म्हणून मामा मला बसमध्ये कोंबून पोर लुईला घेऊन गेला.

आमच्या वतीनं खटपट करणारा तुळशीराम नावाचा दलाल दारातच भेटला. माणूस मनानं फार चांगला. लाद्वानच्या माणसानं ग्रीस पुसून वस्तू साहेबापुढे आणायला सांगितली होती, ते काम त्यानं जातीनं केलं होतं. "तोंतों, अशी चमकवलीय की तोंड बगून घ्या!" तो मामाला म्हणाला. तोंतों म्हणजे आमच्याकडे काका.

खरंच चमकत होती. मूठ मी हातात धरून पाहिली. हाताच्या खळग्यात बसावी म्हणूनच जन्मली असावी, इतकी नेमकी होती. मामानं मात्र पातं उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीकडे धरलं. पातं गुळगुळीत होतं. लाट सोडा, रेघही नव्हती.

साहेब इंग्रज होता, सभ्य होता. तो म्हणाला, "दुधारी खंजीर देशात आणायला बंदी आहे. कलावस्तू असेल तर सोडता येईल. यात कला कुठे आहे, दाखवा." मी ते मामाला मराठीत सांगितलं. ज्या माणसाची जीभ कधी थांबली नव्हती तो नुसता पात्याकडे बघत राहिला. साहेबानं निकाल दिला की वस्तू आली तशी परत पाठवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी बंदराबाहेर नेऊन समुद्रात टाकण्यात येईल.

"चोराला परत काय पाठवायची?" मामा बाहेर येऊन ओरडला. मग त्यानं घरी बसून धोंडिबाला पत्र लिहिलं. ते मी वाचलं आणि माझे कान तापले. तू लोहार नव्हेस, लबाड आहेस. समुद्रापलीकडच्या आपल्याच माणसांना फसवलंस. मुलाच्या लग्नासाठी मागितली होती रे, असं बरंच होतं. मी म्हटलं, मामा, दोन दिवस थांब. थांबला तर तो मामा कसला? पत्र गेलं. त्यानंतर मामा कपाट पुसेनासा झाला. त्याचं दुःख एका सुरीचं नव्हतं. ज्या मुलखाचं नाव घेत आमच्या तीन पिढ्या इथं उसात राबल्या, त्या मुलखाच्या माणसानं आपल्याला ठकवलं, हे त्याला गिळवत नव्हतं. मला त्याची इतकी कीव कधीच आली नव्हती.

काही महिन्यांनी लग्न जवळ आलं तशी मामीनं कंबर कसली. "फसवलेली असंल तर असंल, पण आपल्या मुलखातली हाय. बुडवायच्या आधी एकदा पोराच्या हातात दिसू दे मना." आम्ही पुन्हा साहेबाकडे गेलो. मी धार्मिक विधीचं सगळं समजावून सांगितलं, लिंबासकट. साहेबाला लिंबाचं हसू आलं असावं. तो म्हणाला, टोक झाकलेलं राहणार असेल तर हळदीपासून लग्नापर्यंत नेता येईल. पण माल सरकारी ताब्यातला आहे, तेव्हा लाद्वानचा माणूस बरोबर राहील आणि सोमवारी जशी नेली तशी परत आणील.

तर अशा रीतीनं प्रेमच्या लग्नाला लाद्वानचा माणूस म्हणून मिस्ये, म्हणजे श्रीयुत, फेलिसिते आले. उंच, धिप्पाड, पांढरा गणवेश, टोपी, आणि हसणं कुठेतरी विसरून आल्यासारखा चेहरा. ते बेटावरची क्रेओल बोली बोलायचे, आम्हीही बोलायचो, पण पहिले काही तास त्यांनी कुणाला दादच दिली नाही. प्रेम पाटावर बसला की हे मागे उभे. प्रेम परसात गेला की हे दाराबाहेर. हळद लावणाऱ्या बायकांनी सरकारी गालाला बोटं लावून घेतली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण नजर फिरवली नाही. गावातली माणसं नवरदेवापेक्षा त्यांनाच बघायला येत होती. मामीनं त्यांना केळीच्या पानावर सात कढ्या-भाज्या वाढल्या, तेव्हा कुठे त्यांनी टोपी काढली आणि प्रेमला समोर बसवून जेवले.

शनिवारी हळदीला मामीनं मोठं रसाळ लिंबू निवडून टोकावरून पार आत सरकवलं. साहेबाला टोक झाकलेलं हवं होतं ना! रविवारी दुपारी अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि ते लिंबू काढायची वेळ झाली. मामीनं ते ओढलं, पदरानं टोक पुसलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आवं, इकडं या," ती मामाला म्हणाली. तिचा आवाज ऐकून मीही धावले.

लिंबाखाली झाकलेलं पातं काळसर झालं होतं, आणि त्या काळसरपणात लाटा होत्या. बारीक, जवळजवळ, एकीत एक शिरणाऱ्या, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. ओहोटीला वाळूवर पाणी रेघा सोडून जातं तशा. जिथे लिंबू संपलं होतं तिथे लाटा संपल्या होत्या आणि पुढे पुन्हा तो आरसा. मी आजवर देवळात जाऊन हात जोडलेत, पण अंगावर असा काटा आला नव्हता. मांडवातली म्हातारी माणसं काठ्या टेकत जवळ आली आणि वाकून बघत राहिली.

पहिलं बोलला तो दलाल तुळशीराम. तो जेवणाच्या पंगतीतून हात धुऊन आला होता. "आयो, परत आला काय तो डाग? पेटी उघडली तवा सगळ्या पात्यावर असंच हुतं! मना वाटलं समुद्राच्या हवेनं खाल्लं. साहेबापुढं घाण वस्तू कशी न्यायची? पालिश पेपर घेऊन घासलं, तोंतों. खांदे भरून आले माझे, पण एक डाग ठेवला न्हाय!"

सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. बिचाऱ्याला अजून कौतुकाचीच आशा होती. मी म्हटलं, आता मामा याला उभा चिरणार. पण मामा त्याच्याकडे वळलासुद्धा नाही. तो मला म्हणाला, "त्या माणसाला मी चोर म्हटलं, हिरे. कागदावर लिवून म्हटलं."

लग्नघरात लिंबांना काय तोटा! बायकांनी क्षणात परात भरून लिंबं आणली, कुणी कापायला घेतली. नक्षी वरवरची घासली गेली होती, आत शाबूत होती. आंबट लागलं की ती वर येणार, हे आता पोरांनाही कळलं होतं. तेवढ्यात मिस्ये फेलिसितेंनी प्रेमच्या हातातून कट्यार काढून घेतली.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "माल जसा नेला तसा परत द्यायचा आहे. बदल झाला तर माझी नोकरी जाईल."

माणूस खरं बोलत होता. त्यांच्या घरीही लेकरं असतील. आणि लिंबू लावलं नाही तर हे लाटांचं टोक घेऊन कट्यार समुद्रात जाणार होती. मामानं मान खाली घातली आणि म्हणाला, "मिस्ये, तुमचं बरोबर हाय. घेऊन जा."

फेलिसितेंनी ते टोक अंगठ्यानं चाचपून पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि बाह्या दुमडल्या.

"ही वस्तू हिंदुस्थानातून निघाली तेव्हा अशी नव्हती," ते सावकाश म्हणाले, जणू कचेरीत जबानी देत होते. "ती बिघडली आमच्या गोदामात. लाद्वानच्या ताब्यात बिघडलेला माल लाद्वाननंच नीट करायचा. तुम्ही कुणी नाही. मी." आणि त्यांनी परातीतलं अर्धं लिंबू उचललं.

ती दुपार मी विसरणार नाही. तो धिप्पाड माणूस मांडवात पाटावर बसला होता, मांडीवर केळीचं पान, त्यावर कट्यार, आणि तो तान्ह्या मुलाला तेल लावावं तसं हळू हळू पात्याला लिंबू लावत होता. नवरी कुंती तिच्या जड शालूसकट समोर येऊन बसली. पातं आधी मळकट झालं, मग राखाडी, आणि मग मुठीपासून पहिली लाट दिसली. ती दिसली तशी सगळ्यांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. फेलिसिते स्वतः "बोंज्ये, बोंज्ये" म्हणून देवाचं नाव घेत होते. समुद्रापलीकडे एका माणसानं भट्टीपुढे बसून इतक्या घड्या मोजून मारल्या होत्या, आणि त्यातली एकही आमच्या पालिश पेपरनं मेली नव्हती. याचं आश्चर्य मला आजही वाटतं.

सोमवारी आम्ही तिघं साहेबापुढे उभे राहिलो. फेलिसितेंनी स्वतःच सगळं सांगितलं, लिंबाचंही. काही लपवलं नाही. साहेब कट्यार घेऊन खिडकीशी गेला आणि तिथे इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, आम्हाला विसरला. परत येऊन त्यानं फेलिसितेंना एक शब्दही बोल लावला नाही. कलावस्तू म्हणून सोडा, एवढंच म्हणाला, आणि कट्यार टेबलावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवली.

मामाला आनंदानं उडी मारायची होती, पण त्याला घाई होती. बाहेर पडल्या पडल्या धोंडिबाला तार करायची, माफी मागायची. आम्ही निघालो तेवढ्यात फेलिसितेंनी हाक मारली. गोदामात मामाच्या नावाची, त्याच पत्त्यावरून आणखी एक पेटी आली होती, शुक्रवारच्या बोटीनं.

ती त्यांनी आमच्यासमोर उघडली. जाड कापडात, ग्रीसमध्ये, दुसरी कट्यार होती. फेलिसितेंनी कोपरा पुसला, तर लाटा, पहिल्याहून बारीक. सोबत धोंडिबाची एक चिठ्ठी होती. ती मी मोठ्यानं वाचली.

"आपला कागद पावला. पहिली कट्यार समुद्रानं खराब केली असेल, किंवा माझा हात चुकला असेल. चूक माझीच धरावी. मी म्हातारा झालो आहे, म्हणून करायला वेळ लागला. मुलाच्या हातात लग्नाला पोचावी एवढीच इच्छा. पैसे पाठवू नयेत."

मामा भिंतीला टेकला. फेलिसितेंना मराठी येत नव्हतं. त्यांनी कागद पुढे ओढला, लेखणी शाईत बुडवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मिस्ये परशुराम, या मालाची किंमत काय लिहू?"

मामा खाली वाकला आणि त्या उघड्या पेटीच्या काठावर त्यानं कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. फेलिसितेंनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी त्यांना क्रेओलमध्ये सांगितली, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यांनी लेखणी पुसून बाजूला ठेवली आणि गोदामाचं दार आतून लोटून घेतलं, म्हणजे मामाला कुणी बघणार नाही.