नाव नंतर कळवू

जळगावच्या बसस्टँडवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून हात घालून माझा सॉफ्टबॉलचा जुना ग्लोव्ह माझ्या मांडीवर टाकला. ते शाळेत पीटी शिकवायचे आणि आम्हा मुलींच्या संघाचे कोचही तेच. लग्न करून दुबईला निघालेल्या मुलीला त्यांनी मैदानावरचंच वाक्य ऐकवलं, "पाय बेसवर ठेव, मग चेंडूसाठी पाहिजे तेवढं अंग ताण." बस सुटली. ग्लोव्ह कुठल्या बॅगेत बसेल या विचारात रडायचं राहूनच गेलं.

मैत्रिणींनो, तुम्हीही अशाच इकडे आलात, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दुबईशेजारच्या अजमानमधली एक खोली, निखिलचा जन्म, दुबईत ऊद मेथातली त्याची शाळा. तो माझ्यासारखाच डावखुरा, म्हणून माझ्याच ग्लोव्हवर शिकला आणि माझ्याच जागी, फर्स्ट बेसवर, उभा राहिला. इथं आणि भारतात मिळून बेसबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा दुबईच्या संघानं त्याला घेतलं. अण्णा फोनवर म्हणाले, "पगार? खेळायचा?"

मागच्या महिन्यात ऑफिसात त्याचा फोन आला. "आई, आय हॅव बीन ट्रेडेड."

"ट्रेडिंग कंपनीत लागलास? आणि खेळ?" इथं दर दुसरा मराठी माणूस कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीत असतो.

"नो, आई. मलाच ट्रेड केलं. पुण्याच्या टीमला दिलं."

"तुला विचारलं?"

"दे डोंट आस्क."

"आणि तुझ्या बदल्यात कोण?"

"प्लेअर टु बी नेम्ड लेटर." बदल्यात एक खेळाडू. कोण, ते नंतर कळवू.

मी हातातला चहा खाली ठेवला. सिलिकॉन ओएसिसमधल्या या ऑफिसात मी आयात मालाचे कागद बघते. मालाचं नाव नसेल तर कस्टम्सवाले एक खोकंसुद्धा सोडत नाहीत. आणि माझा मुलगा बिननावाच्या माणसाच्या बदल्यात गेला होता. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, "अगं, कॉन्ट्रॅक्टमध्ये असतंच ते." असेल. त्या दिवशीचा डबा मी तसाच घरी आणला.

विमानतळावर मी म्हटलं, "घरीच तर चाललास. अण्णा आहेत तिकडे."

निखिलनं माझ्याकडे नीट बघितलं. "आई, आय ॲम लीव्हिंग होम."

इतकी वर्षं सुट्टीला 'घरी जाऊ' म्हणत त्याला जळगावला नेलं. तो तिथं पाहुणा म्हणून जात होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ग्लोव्ह त्याच्या हातात देऊन मी अण्णांचं वाक्य म्हणायला लागले.

"पाय बेसवर, आय नो," तो म्हणाला. "पण आई, विच बेस?"

"यल्ला, चल, उशीर होतोय," मी म्हटलं.

आता अण्णा पुण्यात सामना बघायला जायचं म्हणून नवीन बूट घेऊन बसलेत. बदल्यातला खेळाडू कोण, ते इथल्या क्लबनं अजून सांगितलेलं नाही. निखिलची खोली मी आवरून ठेवली आहे. जो कोणी येईल, त्याला आधी जेवायला बोलावणार आहे. 'घर कुठलं तुझं?' हे मात्र विचारणार नाही. आत्ता कुठंतरी एक बाई मुलाच्या डब्याची भाजी चिरत असेल, आणि ते नंतर कळवायचं नाव तिच्याच मुलाचं आहे, हे तिला अजून माहीत नसेल.