इंजिनावरचा तळहात

मागच्या उन्हाळ्यात लंडनमधल्या हॅरोहून आठवडाभर स्कॉटलंडच्या एका चिमुकल्या बेटावर गेले होते. तिथली वीज आता वारा, ऊन आणि ओढ्याच्या पाण्यापासून तयार होते. जुनं डिझेल इंजिन फक्त अडीअडचणीला ठेवलंय.

ते सांभाळणारे आजोबा रोज सकाळी माझ्या खिडकीतून दिसायचे. शेडचं दार उघडून ते आधी इंजिनावर तळहात टेकवायचे आणि मग मऊ फडक्याने एकेक नळी पुसायचे.

एकदा मला राहवेना. जाऊन विचारलं, "बंदच असतं ना? मग रोज एवढी उस्तवार कशाला? आमच्या ऑफिसात जुन्या प्रिंटरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही."

"तीस वर्षं यानेच बेटाला उजेड दिला. माझं घरही यावरच चाललं," ते म्हणाले. "पण पवनचक्क्या आणायच्या का, हे ठरवायला गावाने सभा घेतली, तेव्हा पहिला हात मी वर केला. धूर मीच सगळ्यात जास्त गिळला होता ना!"

त्याच हाताने खूण करून त्यांनी मला आत बोलावलं आणि इंजिनाला हात लावायला सांगितलं.

"बघा, थंडगार आहे," ते म्हणाले. मुलाच्या उशाशी बसलेली आई ताप उतरल्यावर म्हणते ना, अगदी तसं.