पद्मावतीबाईंचा राऊटर

ते पत्र मी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पद्मावतीबाईंची गोष्ट मला नीट सांगता यायची नाही.

२००६ साल. पुण्याहून आम्ही हैदराबादच्या कुकटपल्लीत नवीनच राहायला आलो होतो. श्रीकांतची सॉफ्टवेअरची नोकरी, मी घरी, आणि आमची दोन वर्षांची तन्वी. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, पद्मावतीबाई एकट्या राहायच्या. जामबागेतल्या एका कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. मूळच्या बिदर जिल्ह्यातल्या, भालकीकडच्या शेतकरी घरातल्या. दहावीनंतर चुलत्यांनी शिक्षण बंद केलं, तेव्हा दोन दिवस जेवल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी हैदराबादच्या बसमध्ये बसून मावशीकडे आल्या. लग्न केलं नाही. कुणी "कायकू?" विचारलं, की म्हणायच्या, "वेळ नव्हता."

त्यांचा भाचा अभिजीत अमेरिकेला जाताना त्यांच्याकडे ब्रॉडबँडची लाइन आणि वायरलेस राऊटर बसवून गेला होता. मावशीला त्याच्याशी बोलता यावं, एवढाच हेतू.

त्या उन्हाळ्यात तन्वीला कावीळ झाली. पाठोपाठ बिल्डिंगमधल्या आणखी दोन मुलांना झाली. मी गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं, आणि आत मेलेलं कबूतर तरंगत होतं. मी असोसिएशनचे अध्यक्ष हिम्मतराव यांच्याकडे धावले. ते म्हणाले, "टाकी गेल्याच महिन्यात धुतलीय. तुम्हा पुण्याच्या लोकांना इथलं पाणी सोसत नाही."

त्यांचा जावई मंदार श्रीकांतचा साहेब होता. नाव घालून भांडायची माझी छाती झाली नाही. मी नवीन मेल अकाउंट उघडलं, टाकीबद्दल सगळं लिहिलं आणि बिनानावाचं पत्र बिल्डिंगच्या मेल ग्रुपवर टाकलं.

सासऱ्यांना आलेला तो मेल तपासून मंदारनं तीन दिवसांत छडा लावला, असं त्याला वाटलं. त्या काळी अनेक मेलच्या पोटात एक लपलेला नंबर यायचा, आयपी अ‍ॅड्रेस. मेल कुठल्या जोडणीवरून बाहेर पडला, त्याचा तो पत्ता. माझं पत्र गेलं त्याच संध्याकाळी पद्मावतीबाईंनी जुनी मासिकं कुणाला हवी आहेत का, असा मेल ग्रुपवर टाकला होता. दोन्ही मेलमधला नंबर एकच निघाला.

हिम्मतराव आणि मंदार बाईंच्या दारात उभे राहिले. आवाज सगळ्या जिन्यात घुमत होता. "रविवारच्या मीटिंगमध्ये लेखी माफी द्या, आणि तो राऊटरचा डबा काढून टाका."

"मी लिहिलं असतं तर खाली नाव घातलं असतं," बाई म्हणाल्या. "जन्मात एक चिठ्ठी बिनानावाची लिहिली नाही मी."

"मग नंबर खोटं बोलतोय का?" मंदार हसला. "जाऊ द्या आंटी, हे टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मी खाली उभी राहून ऐकत होते. ऐकून मी हळूच दार लावून घेतलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी बाई कॉलेजातून थेट सुलतान बाजारात गेल्या आणि घरच्या नेटवर्कवरचं एक जाडजूड जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आल्या. हातात पेन्सिल घेऊन वाचलं. लायब्ररीतली कोरी कार्डं काढून एकेका कार्डावर एकेक शब्द लिहिला. मॉडेम म्हणजे बाहेरची लाइन घरात घेणारा. राऊटर म्हणजे ती घरातल्या यंत्रांना वाटून देणारा. आतल्या प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर, पण बाहेरच्या जगाला सगळ्या घराचा मिळून एकच. मग पुस्तकात बघत बघत त्यांनी कॉम्प्युटरवर राऊटरच्या सेटिंगचं पान उघडलं. वायरलेसला पासवर्डच नव्हता. अभिजीत घाईत ते विसरला होता.

शनिवारी त्या आमच्याकडे आल्या. आधी तन्वीच्या पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, मग म्हणाल्या, "राऊटरमध्ये एक यादी असते, कोण कोण जोडलंय त्याची. त्यात दोन यंत्रं आहेत. एक माझं. दुसऱ्याचं नाव मृण्मयी."

मृण्मयी म्हणजे मीच. "बाई, शप्पथ, मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, आमच्याच वायरलेसवर आहे..."

"हौ, कळलं मला. कुलूप नव्हतं म्हणून तुझा लॅपटॉप आपोआप शिरला. ती चूक माझी."

"मग उद्या सांगून टाका ना माझं नाव."

"नक्को. नाव सांगायचं की नाही, ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. चुगली करायला नाही वाचलं मी ते पुस्तक."

रविवारी सकाळी मीटिंग हिम्मतरावांच्या हॉलमध्ये भरली. त्यांचा फ्लॅट बाईंच्या समोरचाच. बाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. "मंदार, लॅपटॉप उघडा," त्या म्हणाल्या. "वायर लावू नका. वायरलेसच्या यादीत माझ्या राऊटरचं नाव दिसतंय? जोडा त्याला."

मंदारनं क्लिक केलं. क्षणात जोडणी झाली.

"आता इथून मेल पाठवलात, तर नंबर कुणाचा जाईल?"

मंदारनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"बोला की."

"तुमचा."

"म्हणजे ते पत्र तुम्हीसुद्धा लिहिलेलं असू शकतं." मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "नंबर घराचा असतो, माणसाचा नव्हे. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं."

मंदार लाल झाला. "राऊटरमध्ये जोडलेल्यांची यादी असते. ती दाखवा, खरा माणूस सापडेल."

"असते. पाहिलीय मी. दाखवणार नाही."

"दाखवावी लागेल!" हिम्मतराव ओरडले.

"कशासाठी? मुलं आजारी पडली टाकीमुळे, यादीमुळे नाही." बाईंनी पिशवीतून त्या पत्राची छापील प्रत काढली. "हे मी लिहिलेलं नाही. पण काल गच्चीवर चढून मी टाकी पाहून आले. यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणून आज याच्यावर सही करते." सगळ्यांसमोर त्यांनी टेबलावर वाकून सही केली, खाली फ्लॅटचा नंबर घातला आणि पेन तिथंच ठेवलं.

मी उठले. श्रीकांतनं माझं मनगट धरलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्यानं ते सोडलं. बाईंच्या सहीखाली मी माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "मुळात हे मीच लिहिलंय." नंतर एकेक जण उठत गेला, आणि शेवटी कागदावर अकरा सह्या झाल्या.

मंगळवारी टाकी धुतली गेली, नवं झाकण बसलं. हिम्मतराव पुन्हा कधी बाईंशी बोलले नाहीत. बाईंचंही त्यावाचून काही अडलं नाही. मंदारनं श्रीकांतला प्रोजेक्टवरून काढलं. दिवाळीपर्यंत आमच्या घरात फार ताण होता. मग श्रीकांतला दुसरीकडे नोकरी लागली.

राऊटर मात्र निघाला नाही. बाईंनी त्याला लांबलचक पासवर्ड घातला, आणि दर रविवारी बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावून ती कार्डं समोर मांडून हे सगळं शिकवू लागल्या. पुढच्या वर्षी एकदा लाइन बंद पडली, तेव्हा इंटरनेटवाल्याचा माणूस आला. मी तिथंच बसले होते. हातातली वायर दाखवत तो म्हणाला, "अम्मा, घर में कोई जेंट्स है क्या? उनकू समझाना पडता."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मैंच हूं. बोलो, क्या होना?"